सुलिव्हन ढीगभर सापडतात, आपला कुठला? (कॉर्क ते ब्यूट, प्रकल्प नोंदी)

२१ एप्रिल २०२५

आधी काम काय आहे ते सांगतो. सूनबाईचं आजोळ आयरिश. तिची आजी ९४ वर्षांची, इथे सिएटललाच असते, डोकं एकदम तल्लख. आजीचे आजोबा आयर्लंडमधून माँटानातल्या ब्यूट गावात तांब्याच्या खाणीत आले, खाणीच्या मोठ्या आगीत गेले, आणि मग आजीच्या आजीने एकटीने घर चालवलं, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. म्हणजे सूनबाईचे खापरपणजोबा. माझी सगळी नोकरी चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत झाली, सध्या मुलाकडे मुक्कामी आहे, तेव्हा "बाबा, खाणीचं तुम्हालाच कळेल" असं म्हणून हा विषय माझ्या गळ्यात आला आणि खरं सांगायचं तर मला हवाच होता.

नोंदी यासाठी की आपल्याकडे आता बऱ्याच घरांत असे सुना-जावई आहेत, कुणीतरी हे करायला बसणारच, त्याचा वेळ वाचावा.

आडनाव सुलिव्हन. पहिली नावं इथे लिहिणार नाही, घरच्यांशी तसं ठरलंय. आडनाव सांगायला हरकत नाही कारण त्यावरून कोणाचा पत्ता लागणं शक्य नाही, ते पुढे कळेलच.

हातात आहे ते: एक लग्नाचा फोटो, दोन प्रार्थनेची कार्डं, आणि "कॉर्क, तांबं" हे दोन शब्द.

२४ एप्रिल

आयर्लंडकडून सुरुवात करायची नाही हे पहिल्याच दिवशी पक्कं केलं. अलीकडून मागे जायचं. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते, १९५० पर्यंतची आता बघता येते, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट. खातं काढा, बस.

१९४०: आजी ९ वर्षांची, सोबत आईवडील, आणि त्याच घरात आजीची आजी, विधवा. इथपर्यंत मजा आली.
१९३०: तीच बाई, स्वतःच घरप्रमुख, धंदा बोर्डिंग हाउस चालवणे.
१९२०: तेव्हाही विधवाच. घरात नऊ बोर्डर, सगळे खाणकामगार, बहुतेक आयर्लंडचे.
१९१०: नवरा आहे! तांब्याच्या खाणीत मायनर. लग्नाला ७ वर्षं. बाईच्या नावापुढे दोन आकडे असतात, किती मुलं झाली आणि किती हयात. पाच आणि तीन. आजीला हे माहीत नव्हतं. तिला लगेच सांगायचं की नाही यावर घरात चर्चा झाली, शेवटी सूनबाईने सांगितलं.

अमेरिकेत आल्याचं वर्ष म्हणून नवऱ्याचं १८९६. बाईचं मात्र १९१०, १९२० आणि १९३० ला तीन वेगवेगळी वर्षं लिहिलेली आहेत. हे सगळीकडे असंच असतं म्हणतात, दारात जो भेटला त्याने सांगितलं ते लिहिलं. लग्नाच्या जवळची नोंद जास्त खरी धरायची, म्हणून बाईचं १८९९ धरून चाललोय.

१८९० ची जनगणना शोधत बसू नका. १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागून जवळजवळ सगळीच गेली. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर एक दुपार वाचली असती.

३० एप्रिल

१९०० च्या जनगणनेत अडकलो. ब्यूटमध्ये त्या नावाचे, साधारण त्या वयाचे, आयर्लंडमध्ये जन्मलेले, अविवाहित आणि बोर्डिंगमध्ये राहणारे मायनर इतके निघाले की यादीची दुसरी शीट उघडावी लागली. १८७० ते १९१५ या काळात कॉर्कच्या बेअरा द्वीपकल्पातल्या एकट्या आयरीज पॅरिशमधून (चर्चच्या हद्दीचा विभाग) जे लोक बाहेर पडले त्यातले निम्म्याहून जास्त या ब्यूटला आले. आणि बेअरा म्हणजे सुलिव्हन आणि हॅरिंग्टन. कोकणात एखाद्या वाडीत सगळी घरं एकाच आडनावाची आणि पोस्टमन बरोबर पत्र देतो, तसलं प्रकरण, फक्त इथे पोस्टमन मेलाय.

१९०० सोडून दिलं. पुढे लागेल तेव्हा बघू.

६ मे

एका पैसेवाल्या साइटचं महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं, २५ डॉलरच्या आसपास. फक्त सिटी डिरेक्टरीसाठी. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सगळ्यात कमी कौतुक झालेला कागद आहे.

पोल्क कंपनी दरवर्षी गावाची डिरेक्टरी छापायची. नाव, धंदा, कुठल्या खाणीत, कुठे राहतो. संक्षेप भरपूर असतात, त्याचं पान पुस्तकाच्या सुरुवातीलाच असतं, ते आधी वाचा. मी १९१० च्या जनगणनेतला पत्ता घेतला आणि नावाने न शोधता त्या पत्त्यावर कोण कोण राहतं हे वर्षावर्षाला बघत गेलो. हळू काम आहे, पान पान बघावं लागतं, पण इथे पहिल्यांदा आपला सुलिव्हन बाकीच्यांपासून वेगळा झाला.

नुसत्या धंद्याच्या ओळी खाली खाली लिहून काढल्या:

१९०४ ते १९१० मायनर, माउंटन कॉन खाण.
१९११ मायनर, खाणीचं नाव नाही.
१९१२ लेबरर.
१९१४ वॉचमन.
१९१६ नुसतं नाव आणि पत्ता, धंदा नाही.
१९१७ बाईचं नाव, पुढे विधवा.

खाणीत काम केलेल्या माणसाला ही यादी वाचायला डॉक्टर लागत नाही. आमच्याकडे याला सरफेसला देणं म्हणत. दम लागायला लागला की माणूस आधी फेसवरून, म्हणजे प्रत्यक्ष खोदाईच्या जागेवरून, निघतो, मग हलकं काम, मग गेटवर काठी घेऊन बसवतात, मग घरी. आमच्याकडे कोळशाची धूळ, ब्यूटला क्वार्ट्झची, आणि ती जास्त वाईट. हवेवर चालणारी ड्रिल मशीन आली तेव्हा सुरुवातीला पाणी न मारताच भोकं पाडायचे, ती बारीक धूळ सरळ फुप्फुसात. गावात त्याला मायनर्स कन्झम्प्शन म्हणायचे. दिवसाचे साडेतीन डॉलर मिळायचे, त्या काळी अमेरिकेत कामगाराला चांगलाच पगार, म्हणून लोक यायचे आणि टिकायचेही.

त्यात १९१२ च्या डिसेंबरपासून ॲनाकोंडा कंपनीने, म्हणजे ब्यूटच्या बहुतेक खाणींच्या मालकाने, रसलिंग कार्ड काढलं, ते असल्याशिवाय कामच मागता यायचं नाही. आधीच खोकणाऱ्या माणसाचं काय झालं असेल ते मला कागदावरून सिद्ध करता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

९ मे

मग आगीचं काय? ब्यूटची मोठी आग म्हणजे ग्रॅनाइट माउंटन-स्पेक्युलेटर खाणीतली, ८ जून १९१७, १६८ माणसं गेली. मृतांच्या यादीत आपला माणूस नाही. शिवाय १९१७ च्या डिरेक्टरीत बाई आधीच विधवा, आणि डिरेक्टरीची माहिती छापण्याच्या आधी गोळा करतात. म्हणजे घरातली गोष्ट चुकीची.

माँटानात राज्य पातळीवर मृत्यूनोंदणी १९०७ पासून आहे. मृत्यूचा दाखला मागवला, फॉर्म, ओळखपत्राची प्रत आणि चेक पाठवून. फॉर्म एकदा परत आला, सूनबाईची सही नव्हती. नातं असलेल्यानेच सही करा, नाहीतर फालतू दोन आठवडे जातात.

२७ मे

दाखला आला. फेब्रुवारी १९१६. कारण: मायनर्स कन्झम्प्शन. वडिलांचं नाव आहे, आईचं माहेरचं आडनाव आहे, जन्मस्थान नुसतं "आयर्लंड". माहिती देणारी: बायको.

आजीला सांगितलं. ती म्हणाली, आगीची गोष्ट तिच्या वडिलांनी सांगितली होती, ते तेव्हा लहान होते. गावात पुढच्याच वर्षी इतकी माणसं गेली की सगळ्याच बापांची मरणं त्या आगीत मिसळली असतील, असं ती म्हणाली. मला पटलं.

३ जून

नागरिकत्वाचे कागद. मोठ्या आशेने मागवले आणि त्यात निघालं काय तर नाव, तारीख, आणि इंग्लंडच्या राणीवरची निष्ठा सोडतो अशी एक ओळ. २७ सप्टेंबर १९०६ च्या आधी प्रत्येक कोर्ट आपापल्या पद्धतीने लिहायचं, बहुतेकांत गाव, जहाज काहीच नसतं. त्यानंतरच्या फॉर्मात सगळं असतं. तुमचा माणूस १९०६ च्या आधीचा असेल तर या कागदावर पैसे खर्च करायच्या आधी विचार करा. आणि बाईचे वेगळे कागद शोधू नका, १९२२ पर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचंच नागरिकत्व मिळायचं.

१० जून

माणसाकडून गाडी पुढे जाईना म्हणून बाईकडे वळलो. हे आधीच करायला हवं होतं असं आता म्हणणं सोपं आहे.

काउंटीच्या लग्नाच्या नोंदी फॅमिलीसर्चवर आहेत. १९०३ चं लग्न, त्यात दोघांच्याही आईवडिलांची नावं आणि साक्षीदार. बाईचं माहेर हॅरिंग्टन. १९२० च्या जनगणनेतल्या नऊ बोर्डरांपैकी तिघं हॅरिंग्टन! म्हणजे बोर्डिंग हाउस नुसता धंदा नव्हता, माहेरचीच पोरं जेवायला होती.

मग जहाजाच्या याद्या. १८९३ नंतरच्या यादीत "कोणाकडे चाललात" हा प्रश्न असतो आणि तोच खजिना आहे. १८९९, आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरातून न्यूयॉर्क, २१ वर्षांची हॅरिंग्टन, नोकराणी, चालली बहिणीकडे, ब्यूट माँटाना, पत्त्यासकट. त्या पत्त्यावर डिरेक्टरीत तिचा मेहुणा, आणि तोच मेहुणा लग्नाचा साक्षीदार. इथे मी खुर्चीतून उठून मुलाला हाक मारली.

घरात सगळे म्हणतात ती एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या स्थलांतरितांच्या तपासणीच्या बेटावर, उतरली. नाही उतरली. एलिस आयलंडची लाकडी इमारत जून १८९७ मध्ये जळाली आणि डिसेंबर १९०० पर्यंत सगळ्यांची तपासणी मॅनहॅटनच्या टोकाला बार्ज ऑफिसात व्हायची.

मूळ गावाच्या रकान्यात "कॅसलटाउन". एकट्या कॉर्कमध्ये कॅसलटाउनबेअर, कॅसलटाउनशेंड आणि कॅसलटाउनरोच अशी तीन. आडनावांवरून बेअराच असणार, पण आडनावावरून गाव ठरवणं म्हणजे पुरावा नव्हे.

१८ जून

वर्तमानपत्रं. ॲनाकोंडा स्टँडर्ड पेपरचे जुने अंक स्कॅन केलेले फुकट बघायला मिळतात. नावाने शोधलं तर शून्य, कारण कॉम्प्युटरने सुलिव्हनचं काहीतरी भलतंच वाचलेलं असतं. फेब्रुवारी १९१६ चे अंक तारखेने उघडून डोळ्यांनी वाचले. मिळाला, सहा ओळींचा मजकूर: कॅसलटाउन बेअर, काउंटी कॉर्कचे रहिवासी, मागे पत्नी, तीन मुलं, एक भाऊ मिशिगनमधल्या हॅनकॉकला. अंत्यविधी ब्यूटला लागून असलेल्या वॉकरव्हिलच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये.

हॅनकॉक वाचून बरं वाटलं. बेअराचे लोक ब्यूटच्या आधी मिशिगनच्या तांब्याच्या खाणीत गेले होते, आणि बेअरामध्येही ॲलिहीजला तांब्याचीच खाण होती, पक्सली घराण्याची, १८१२ पासून. म्हणजे ही माणसं शेतकरी म्हणून येऊन मायनर झालेली नाहीत, यांना बोट उतरायच्या आधीच खाण माहीत होती. घरातले "कॉर्क, तांबं" हे दोन शब्द तिथलेच असावेत.

२ जुलै

आता आयर्लंड. जे नाही ते आधी: १८२१ ते १८५१ च्या जनगणना डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये होत्या, जून १९२२ मध्ये यादवी युद्धात तिथलं रेकॉर्ड ऑफिस जळालं. १८६१ आणि १८७१ च्या सरकारनेच ठेवल्या नाहीत, १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात रद्दीत गेल्या. पूर्ण शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या म्हणजे १९०१ आणि १९११. फुकट, आणि स्कॅन सुंदर.

जन्मनोंदी १ जानेवारी १८६४ पासून, आयरिश सरकारच्या साइटवर फुकट. चर्चची रजिस्टरं साधारण १८८० पर्यंतची नॅशनल लायब्ररीने २०१५ पासून फुकट ठेवली आहेत. आयर्लंडसाठी एक पैसा लागला नाही.

नावांची भानगड लक्षात ठेवा. जेरेमाया, जेरी, डार्बी, डरमॉट एकच माणूस असू शकतो. कॉर्नेलियस म्हणजे कॉन, मॉर्टिमर म्हणजे मर्टी, होनोरा म्हणजे नोरा. आमच्या माणसाचं नाव यातलंच आहे आणि तीन कागदांवर तीन तऱ्हेने आहे.

५ ते १९ जुलै

कॅसलटाउन नोंदणी जिल्हा, १८७३ ते १८७९, वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव दोन्ही जुळणारे जन्म शोधले. दोन उरले. दोघांचं नाव एक, बापाचं नाव एक, आईचं आडनाव एक. वयाने आयरीजकडचा जास्त जुळत होता, साइटही त्याच्याच सूचना देत होती, म्हणून त्याचंच वंशाचं झाड वर वाढवत गेलो. ग्रिफिथच्या मूल्यांकनातून, म्हणजे १८४७ ते १८६४ मधल्या जमीन मोजणीतून, त्याच्या आजोबापर्यंत पोचलो. तिथे एकाच नावाची माणसं ओळखू यावीत म्हणून नावापुढे कंसात शाखेचं टोपणनाव असतं, ते बघत बसायला फार छान वाटलं.

मग सूनबाईने सहज विचारलं, बाबा, १९०१ ला त्यांच्या घरी कोण होतं बघितलंत का? बघितलं. ३१ मार्च १९०१ च्या रात्री हा आयरीजवाला आपल्या घरी, बायको आणि एका पोरासोबत. आणि आमचा तेव्हा पाच वर्षं अमेरिकेत. सगळं झाड पुसलं. तर, झाड वर न्यायच्या आधी तो माणूस तिथेच राहिलेला नाही ना हे १९०१ मध्ये बघा.

२२ जुलै

दुसरा उमेदवार. जन्मनोंदीत बापाचा धंदा: मायनर. राहायला ॲलिहीज खाणीच्या बाजूला. आयरीजवाल्याचा बाप फार्मर होता, तो रकाना मी नीट वाचलाच नव्हता.

एक गंमत, चर्चच्या रजिस्टरमध्ये याचा बाप्तिस्मा सरकारी जन्मतारखेच्या नऊ दिवस आधीचा आहे. घाबरू नका. उशिरा नोंद केली तर दंड व्हायचा म्हणून लोक जन्मतारीख पुढे ढकलून सांगायचे. अशा वेळी चर्चचं खरं धरा.

याच जोडप्याचा मोठा मुलगा, त्याचं नाव मृत्यूच्या बातमीतल्या हॅनकॉकच्या भावाचंच. आयर्लंडमध्ये १९०१ ला घरी फक्त आईबाप आणि धाकटी बहीण. ॲलिहीजची खाण १८८० च्या दशकात बंद पडली, त्यानंतर पोरं एकेक करून निघालेली दिसतात. १९११ ला बापाचं वय दहा वर्षांत सोळाने वाढलंय, कारण मधल्या काळात सत्तरीनंतरची पेन्शन सुरू झाली, त्यामुळे अख्ख्या आयर्लंडमधले म्हातारे असेच भराभर म्हातारे झालेत.

मी याला पक्कं मानतो. कोणी म्हणेल अजून एक कागद हवा, तर त्याचंही बरोबर.

८ ऑगस्ट

ब्यूटला गाडीने जाऊन आलो, सिएटलहून सरळ नव्वद नंबरचा हायवे, साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. एवढं लांब आलो ते गावाच्या दप्तरखान्यासाठी, क्वार्ट्झ स्ट्रीटवर जुन्या फायर स्टेशनात आहे. तिथे आयरिश मंडळांची जुनी मिनिट बुकं (सभांच्या नोंदवह्या) आहेत, ऑनलाइन नाहीत, हाताने बघावी लागतात. १९१३ आणि १९१४ मध्ये आजारी सभासदांना मदत मंजूर केल्याच्या नोंदींत आमचं नाव, पत्त्यासकट. वॉचमनची नोकरी लागायच्या आधीपासून मंडळाकडून पैसे येत होते.

सॅनबॉर्नचे आग-विम्याचे नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसवर फुकट आहेत, त्यात १९१६ चं पान मोबाइलवर घेऊन गेलो होतो. पिवळा रंग म्हणजे लाकडी घर, गुलाबी म्हणजे विटांचं. घर सेंटरव्हिलला, माउंटन कॉनच्या उतारावर, पिवळं, दोन मजली. आता तिथे मोकळी जागा आहे. माउंटन कॉनचं हेडफ्रेम, म्हणजे खाणीच्या तोंडावरचा उंच सांगाडा, मात्र उभं आहे, ते मी बराच वेळ बघितलं, मुलगा गाडीत कंटाळला.

स्मशानात दगड सापडला नाही. ऑफिसमधल्या रजिस्टरमध्ये प्लॉट नंबर आहे, त्यावर दगड कधी बसवलाच नाही असं दिसतंय.

१४ ऑगस्ट

खर्चाचा हिशोब: सबस्क्रिप्शन दोन महिने (एकच पुरलं असतं), दाखले आणि प्रतींचे साधारण ६० डॉलर, पेट्रोल आणि एक रात्र मोटेल. आयर्लंड शून्य.

राहिलेलं: १९१० च्या जनगणनेत हयात नसलेली ती दोन मुलं. १९०७ च्या आधी गेली असतील तर राज्याकडे नोंद नसणार, म्हणून चर्चच्या दफन-नोंदींसाठी पत्र टाकलंय, अजून उत्तर नाही. धाकट्या बहिणीचं पुढे काय झालं तेही बघायचंय, आयर्लंडची १९२६ ची जनगणना एप्रिल २०२६ मध्ये खुली करणार म्हणतात, तेव्हा मी चंद्रपूरला परत गेलेलो असेन, ते काम सूनबाईकडे दिलंय. आजीने दगडाचे पैसे द्यायचं ठरवलंय, त्यावर जन्माची तारीख चर्चची टाकायची की सरकारी, यावर सध्या फोनाफोनी चालू आहे.